प्रतिकारशक्ती ठणठणीत, तरीही बुरशी थेट मेंदूपर्यंत : धडधाकट माणसातलं फंगल इन्फेक्शन डॉक्टरांना लवकर का सापडत नाही?

सप्टेंबर २०१२. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातलं नॅशव्हिल शहर.

पन्नाशीतला एक माणूस डोकेदुखी आणि मानदुखीची तक्रार घेऊन हॉस्पिटलमध्ये आला. डॉक्टरांनी पाठीतलं पाणी काढून तपासलं. त्यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या. म्हणजे मेनिंजायटिस, मेंदूच्या आवरणाला आलेली सूज. अशा वेळी जे करतात तेच केलं गेलं, तगडी अँटिबायोटिक्स सुरू झाली. पण पेशंट सुधारायचं नाव घेईना. उलट त्याचा गोंधळ वाढला, बोलणं बिघडत गेलं.

त्याला एड्स नव्हता. कॅन्सर नव्हता, किमोथेरपी नव्हती, किडनी-लिव्हर बदललेलं नव्हतं. आणि अशा माणसाच्या पाठीतल्या पाण्यात लॅबमध्ये वाढली ती बुरशी. ॲस्परजिलस फ्युमिगेटस. कुजलेल्या पाल्यापाचोळ्यात आणि कंपोस्टच्या खड्ड्यात सापडते तीच.

व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या डॉक्टर एप्रिल पेटिट यांना यात एक गोष्ट खटकली. ही बुरशी रोज आपल्या सगळ्यांच्या नाकातून आत जाते आणि निरोगी शरीर तिला तिथेच संपवतं. मग ती या माणसाच्या मेंदूच्या आवरणापर्यंत पोचली कशी? पेशंटचा जुना इतिहास पुन्हा उकरून काढला, तेव्हा कळलं की आजारी पडण्याच्या काही आठवडे आधी त्याने पाठदुखीसाठी मणक्याजवळ स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं होतं.

१८ सप्टेंबरला पेटिट यांनी टेनेसीच्या आरोग्य विभागाला ही माहिती कळवली. तिथे डॉक्टर मॅरियन केनर यांच्या टीमने चौकशी सुरू केली, तर त्याच क्लिनिकमध्ये इंजेक्शन घेतलेले आणखी पेशंट मेनिंजायटिसने आजारी असल्याचं निघालं. धागा पोचला मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रेमिंगहॅमच्या न्यू इंग्लंड कंपाउंडिंग सेंटर या औषधं बनवणाऱ्या कंपनीपर्यंत. तिथे बनलेल्या मिथाइलप्रेडनिसोलोनच्या तीन बॅचमध्ये बुरशी होती. २६ सप्टेंबरला त्या बॅचेस परत मागवल्या गेल्या. तोवर जवळपास १४ हजार लोकांना ती इंजेक्शनं टोचून झाली होती.

अमेरिकेच्या रोग नियंत्रण संस्थेचा, म्हणजे सीडीसीचा आकडा आहे ७५३ रुग्ण आणि ६४ मृत्यू, २० राज्यांमध्ये. ज्याच्यामुळे हे सगळं उघडकीस आलं, तो पहिला पेशंटही वाचला नाही.

आता यातली गंमत म्हणा किंवा दुर्दैव म्हणा. पहिल्या पेशंटमध्ये ॲस्परजिलस सापडली, पण बाकीच्या बहुतेकांमध्ये होती एक्सेरोहायलम रोस्ट्रॅटम नावाची वेगळीच बुरशी. ही गवतावर, झाडापानांवर राहणारी. माणसाला मेनिंजायटिस करणारी म्हणून ती कुणाच्या डोक्यातही नव्हती. म्हणजे डॉक्टर शोधत होते एक आणि सापडत होतं दुसरं. तरी पेशंट सापडत गेले, कारण तोवर प्रश्न बदलला होता. 'तुमची प्रतिकारशक्ती कमी आहे का?' याऐवजी 'तुम्ही मणक्यात इंजेक्शन घेतलं होतं का?' असं विचारलं जात होतं.

या आजाराच्या निदानात सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. मशीन नसतं किंवा टेस्ट नसते असं नाही. समोरचा माणूस धडधाकट आहे, म्हणून बुरशीचा विचारच होत नाही.

आधी हे स्पष्ट करू, की आपण नायट्याबद्दल बोलत नाही आहोत

गजकर्ण, नायटा, नखातली बुरशी, डोक्यातला कोंडा हे सगळं वरवरचं. त्रासदायक आहे, चिवट आहे, पण जीव घेत नाही. इथे विषय आहे तो 'इन्व्हेसिव्ह' फंगल इन्फेक्शनचा. म्हणजे बुरशी कातडीखाली, फुप्फुसात, सायनसच्या हाडात, मेंदूत किंवा रक्तात घुसते आणि तिथलं मांस खाऊन पसरते.

महाराष्ट्राला याची ओळख झाली २०२१ मध्ये. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर 'ब्लॅक फंगस', म्हणजे म्युकरमायकोसिसने लोकांचे डोळे गेले, जबडे काढावे लागले. पण त्यातल्या बहुतेकांच्या बाबतीत कारण समोर होतं. शुगर हाताबाहेर गेलेली, त्यात स्टेरॉइडचे डोस. त्या लाटेने आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक समीकरण पक्कं बसवलं, की कमजोर शरीर असेल तरच बुरशी. ते चुकीचं नाही, पण अर्धंच आहे.

मग निरोगी माणसाला होतं कसं?

माणसाचं शरीर बुरशीसाठी तसं वाईट घर आहे. ३७ अंशांचं तापमान बहुतेक बुरश्यांना मानवत नाही. जी तगते तिला न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज नावाच्या पेशी गिळून टाकतात. हे कुंपण ओलांडायचे रस्ते मोजकेच आहेत.

एक रस्ता म्हणजे बुरशीला कुणीतरी कुंपणाच्या आत नेऊन सोडणं. सुईने, ऑपरेशनने किंवा जखमेने. नॅशव्हिलमध्ये तेच झालं. २००५ मध्ये श्रीलंकेत कोलंबोमध्येही असंच घडलं होतं. सिझेरियनसाठी पाठीत भुलीचं इंजेक्शन घेतलेल्या पाच बायकांना ॲस्परजिलसचा मेनिंजायटिस झाला, त्यातल्या तिघी गेल्या. त्सुनामीनंतर मदतीचा माल ओसंडून वाहत होता आणि सिरिंज दमट गोदामात पडून होत्या.

जखमेचं सगळ्यात भयानक उदाहरण आहे अमेरिकेतल्या जॉप्लिन शहराचं. २२ मे २०११ रोजी तिथे चक्रीवादळ आलं. ज्यांच्या अंगात लाकडाचे तुकडे, काचा, माती घुसली होती, त्यांच्यापैकी काहींच्या जखमा टाके घालून, अँटिबायोटिक देऊनही काळ्या पडत गेल्या. १३ जणांना म्युकरमायकोसिस झाल्याचं सिद्ध झालं आणि ५ जण दगावले. दोघांना मधुमेह होता, पण प्रतिकारशक्ती खच्ची झालेलं त्यांच्यात कुणीच नव्हतं.

ही बुरशी होती ॲपोफायसोमायसीस गटातली. आणि या गटाची पहिली नोंद कुठली आहे माहितीये? उत्तर भारतातल्या एका आमराईच्या मातीतली, १९७९ सालची. भारतात रस्ते अपघातानंतर, शेतातल्या जखमेनंतर, अगदी दंडावर किंवा कमरेवर घेतलेल्या इंजेक्शनच्या जागीही हिच्या केसेस झाल्या आहेत.

दुसरा रस्ता वेगळा आहे. काही बुरश्या मुळातच इतक्या तयारीच्या असतात की त्यांना कमजोर शरीराची गरजच लागत नाही. हिस्टोप्लाझ्मा वटवाघळांच्या आणि कोंबड्यांच्या विष्ठेने माखलेल्या मातीत असते. क्रिप्टोकॉकस गट्टी निलगिरीसारख्या झाडांवर राहते. १९९९ पासून कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटावर तिचा उद्रेक झाला आणि त्यात चांगले तब्येतीने असलेले लोकही सापडले. पंजाबमध्ये निलगिरीच्या झाडावर ती मिळालेली आहे. आणि कॉक्सिडिऑइडिस ही अमेरिकेच्या ॲरिझोना-कॅलिफोर्नियाच्या कोरड्या धुळीत राहते. तिच्याकडे नंतर येऊ, कारण त्यात आपलेही लोक आहेत.

भारतातला गोंधळ : दिसतं टीबीसारखं

समजा, एखाद्याला दोन-तीन महिने बारीक ताप आहे. वजन उतरतंय. भूक नाही. सोनोग्राफीत किंवा सीटी स्कॅनमध्ये किडनीच्या वरच्या दोन्ही ॲड्रिनल ग्रंथी सुजलेल्या दिसतात. तुकडा काढून तपासला तर रिपोर्टमध्ये शब्द येतो 'ग्रॅन्युलोमा'.

आपल्याकडे हा शब्द दिसला की पेन आपोआप टीबीच्या गोळ्यांकडे वळतं. यात डॉक्टरांना दोष देण्यासारखं फार नाही. जगातले सगळ्यात जास्त टीबीचे रुग्ण भारतात आहेत, त्यामुळे बहुतेक वेळा तो अंदाज बरोबरच निघतो. पण ग्रॅन्युलोमा म्हणजे शरीराने एखाद्या चिवट शत्रूभोवती पेशींचा घातलेला वेढा. आत टीबीचा जंतू आहे की हिस्टोप्लाझ्मा, हे वेढा सांगत नाही.

भारतातली हिस्टोप्लाझ्मोसिसची पहिली केस १९५४ मध्ये कोलकात्याहून नोंदली गेली. पुढे गंगेच्या खोऱ्यातल्या मातीत ही बुरशी सापडली. एचआयव्ही नसलेल्या भारतीय रुग्णांमध्ये ती ॲड्रिनल ग्रंथींवर बसल्याच्या कितीतरी केसेस डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या आहेत आणि त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. आधी टीबीचे उपचार झालेले असतात, नाहीतर कॅन्सर पसरला असं समजलं गेलेलं असतं.

मेनिंजायटिसमध्ये तर ही गल्लत आणखी महागात पडते. टीबीचा मेनिंजायटिस आणि क्रिप्टोकॉकसचा मेनिंजायटिस, दोन्ही हळूहळू, आठवड्या-आठवड्याने वाढतात. दोन्हीत पाठीतल्या पाण्यात लिम्फोसाइट वाढतात, साखर कमी होते. पाण्याचा साधा रिपोर्ट बघून वेगळं करणं अवघड. एचआयव्ही असलेल्या माणसाची क्रिप्टोकॉकसची टेस्ट डॉक्टर लगेच करतात. धडधाकट माणसाची राहून जाते.

खरंतर ही टेस्ट किचकट नाही. प्रेग्नन्सी टेस्टसारखी पट्टी असते, पाठीतल्या पाण्यात बुडवली की दहा-पंधरा मिनिटांत उत्तर. त्याहून जुनी पद्धत म्हणजे पाण्याच्या थेंबात काळी शाई मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. काळ्या पार्श्वभूमीवर बुरशीच्या पेशीभोवती पांढरं वलय दिसतं. तिचं नावच 'इंडिया इंक'. शाईच्या पद्धतीत काही केसेस सुटतात, पट्टीत फारच थोड्या.

टीबी समजून औषधं देत राहिलं तर नुसता वेळच वाया जात नाही. टीबीच्या मेनिंजायटिसमध्ये सोबत स्टेरॉइड देतात, आणि ते बुरशीच्या पथ्यावर पडू शकतं. शिवाय टीबीच्या गोळ्यांमधलं रिफाम्पिसिन हे इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल यांसारख्या बुरशीविरोधी औषधांची रक्तातली पातळी पार खाली आणतं. म्हणजे 'दोन्ही औषधं एकत्र देऊन बघू' हा मधला मार्गही सरळ नाही.

सायनसचंही असंच. म्युकर काही दिवसांत चेहरा काळा करतो. पण ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी निरोगी माणसाच्या सायनसमध्ये महिनोन्महिने दबक्या पावलांनी वाढते. हा प्रकार जगात मुख्यतः भारत, पाकिस्तान, सुदान, सौदी अरेबिया या पट्ट्यात दिसतो. ताप नाही, फार दुखणं नाही, फक्त एक डोळा हळूहळू पुढे येतो. त्यामुळे पहिली शंका ट्यूमरची येते. तुकडा काढला की पुन्हा तोच शब्द, ग्रॅन्युलोमा.

मग रक्ताची टेस्ट करून टाकायची ना?

सोशल मीडियावर म्युकरच्या काळात हा प्रश्न खूप विचारला गेला. उत्तर थोडं विचित्र आहे. बुरशीच्या काही नावाजलेल्या रक्ततपासण्या निरोगी माणसातच कमी पडतात.

गॅलॅक्टोमॅनन ही ॲस्परजिलसच्या पेशीभिंतीतली साखर. बुरशी वाढताना ती रक्तात सोडते आणि टेस्ट तिला पकडते. किमोथेरपीमुळे न्यूट्रोफिल संपलेल्या पेशंटमध्ये बुरशी मोकाट वाढते, रक्तवाहिन्यांत घुसते, त्यामुळे ही साखर रक्तात भरपूर मिळते. निरोगी माणसात न्यूट्रोफिल बुरशीला एका जागी डांबून ठेवतात आणि ही साखरही साफ करत राहतात. रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि बुरशी मात्र सायनसमध्ये तशीच असते. अशा वेळी रक्तापेक्षा दुर्बीण टाकून फुप्फुसातून काढलेल्या पाण्यात किंवा पाठीतल्या पाण्यात तीच टेस्ट जास्त कामाची.

दुसरी टेस्ट आहे बीटा-डी-ग्लुकॅन. ती बऱ्याच बुरश्यांना पकडते, पण म्युकर गटाला नाही आणि क्रिप्टोकॉकसलाही भरवशाने नाही. नेमक्या याच दोन गटांनी निरोगी माणसांना गाठलेलं आपण वर पाहिलं.

याच्या जोडीला एक कागदी अडचण आहे. 'सिद्ध', 'बहुधा', 'शक्य' अशा पायऱ्यांमध्ये फंगल इन्फेक्शन बसवायचे आंतरराष्ट्रीय निकष युरोप-अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी बनवले, २०२० मध्ये ते सुधारलेही. पण ते मुळात संशोधनासाठी आणि कमजोर प्रतिकारशक्तीच्या पेशंटसाठी आहेत. ॲस्परजिलससारख्या बुरशीसाठी 'बहुधा' या पायरीवर यायला पेशंटमध्ये कमजोरीचं कारण असावं लागतं. धडधाकट माणूस त्या खान्यात बसतच नाही. त्याच्या बाबतीत एकच दार उरतं. जिथे आजार आहे तिथला तुकडा काढा आणि बुरशी प्रत्यक्ष दाखवा.

सगळा खेळ त्या तुकड्याचा

ऑपरेशन थिएटरमध्ये तुकडा निघाला की तो सहसा एका बाटलीत जातो. बाटलीत असतं फॉर्मेलिन. फॉर्मेलिन मांस टिकवतं, पेशींची रचना जशीच्या तशी ठेवतं, आणि त्यातला प्रत्येक जीव मारतं. बुरशीसुद्धा. मग पॅथॉलॉजिस्टने स्लाइड बघून 'बुरशीचे धागे दिसतात' असं लिहिलं तरी ती नेमकी कोणती, हे कल्चरमधून कधीच कळणार नाही, कारण वाढवायला जिवंत काही उरलेलंच नसतं. आणि कोणती बुरशी हे कळणं गरजेचं आहे. व्होरिकोनॅझोल ॲस्परजिलसवर चालतं, म्युकरवर चालत नाही.

उपाय साधा आहे. तुकड्याचे दोन भाग करायचे. एक फॉर्मेलिनमध्ये पॅथॉलॉजीला, दुसरा निर्जंतुक सलाईनमध्ये मायक्रोबायोलॉजीला. पैसे लागत नाहीत, मशीन लागत नाही. पण ऑपरेशन 'ट्यूमर' किंवा 'टीबीची गाठ' समजून होत असेल तर दुसऱ्या बाटलीची आठवणच कुणाला येत नाही.

तुकडा मायक्रोबायोलॉजीत पोचला तरी सगळं सुरळीत होतं असं नाही. बॅक्टेरियाच्या कल्चरसाठी मांसाचा तुकडा खलात कुटतात. म्युकर गटातल्या बुरशीचे धागे रुंद, पोकळ आणि नाजूक असतात, कुटले की मरतात. मग स्लाइडवर धागे दिसतात आणि कल्चर मात्र निगेटिव्ह. म्हणून बुरशीचा संशय असेल तर तुकडा कुटायचा नाही, बारीक कापायचा. आता हे लॅबवाल्याला कळणार कसं? चिठ्ठीवर डॉक्टरने लिहिलं असेल तरच.

जॉप्लिनच्या बुरशीची आणखी एक खोड. ती कल्चरमध्ये भराभर वाढते, पण नेहमीच्या माध्यमावर बीजाणूच धरत नाही. आणि बुरशी ओळखायची ती बीजाणूंवरून. तिला मुद्दाम उपाशी ठेवावं लागतं, म्हणजे अगदी कमी पोषण असलेल्या पाण्यासारख्या आगरवर वाढवावं लागतं. तेव्हा कुठे ती आपली ओळख दाखवते. नाहीतर जनुकांवरून ओळखायचं. अशा वेळी साधी लॅब नमुना मोठ्या केंद्राकडे पाठवते. चंदीगडच्या पीजीआयमधला मायकॉलॉजी विभाग त्यासाठी देशभर ओळखला जातो.

पॅथॉलॉजीच्या बाजूलाही एक मेख आहे. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात बुरशी सहज नजरेतून सुटते. पीएएस किंवा चांदीचा रंग, म्हणजे जीएमएस, वेगळा द्यावा लागतो. चांदीच्या रंगात बुरशी हिरव्या पार्श्वभूमीवर काळीकुट्ट उठून दिसते. हिस्टोप्लाझ्मा तर दोन ते चार मायक्रॉनची, पेशीच्या पोटात लपलेली. शोधायला बसलं तरच सापडते.

पण उलटी चूकही होते

हे वाचून कुणी खोकल्याच्या बेडक्याच्या रिपोर्टमध्ये 'कॅन्डिडा' किंवा 'ॲस्परजिलस' शब्द बघून घाबरू नये. कॅन्डिडा कितीतरी निरोगी लोकांच्या तोंडात असतेच, बेडक्यात ती आली म्हणजे फुप्फुसाला झाली असं होत नाही. ॲस्परजिलसचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, लॅबच्या प्लेटवरही येऊन पडतात.

आणि औषधं साधी नाहीत. ॲम्फोटेरिसिन किडनीला झोडपतं, व्होरिकोनॅझोल लिव्हरला. उपचार काही महिने चालतात. त्यामुळे पुराव्याशिवाय 'सुरू करून बघू' म्हणणं इथे परवडत नाही. बेडक्यात सापडलेली बुरशी आणि मेंदूच्या पाण्यात सापडलेली बुरशी यांचं वजन सारखं नाही. जिथे काहीच असायला नको तिथे ती मिळाली, तर तिला 'लॅबमधला कचरा' म्हणून सोडून देता येत नाही. नॅशव्हिलचा रिपोर्ट असाच कचरा समजून बाजूला पडू शकला असता.

ॲरिझोनाची धूळ

आता त्या तिसऱ्या बुरशीकडे. कॉक्सिडिऑइडिसच्या आजाराला अमेरिकेत 'व्हॅली फीव्हर' म्हणतात. फिनिक्स, टूसॉन, कॅलिफोर्नियाची सेंट्रल व्हॅली हा तिचा इलाका. शिक्षणासाठी आणि आयटीच्या नोकरीसाठी तिथे गेलेली मराठी कुटुंबं कमी नाहीत.

धुळीतून बीजाणू श्वासात गेले की एक ते तीन आठवड्यांनी ताप, खोकला, प्रचंड थकवा येतो. अनेकांना काहीच होत नाही, बरेच जण आपोआप बरे होतात. काहींमध्ये मात्र ती हाडात, मेंदूच्या आवरणात जाते. दक्षिण ॲरिझोनात बाहेरून होणाऱ्या न्यूमोनियापैकी १५ ते ३० टक्के केसेस व्हॅली फीव्हरच्या असाव्यात असा अंदाज आहे. तरी तिथलेच डॉक्टर अनेकदा आधी अँटिबायोटिक देतात आणि मग पुन्हा दुसरं अँटिबायोटिक.

आता हाच माणूस सुट्टीत पुण्याला आला आणि इथे आजारी पडला तर? एक्स-रेमध्ये डाग, खोकला, थकवा. इथे त्याचं काय निदान होईल हे सांगायला नको. रक्तातल्या अँटिबॉडीची टेस्ट असते, पण ती मागवायला आधी 'तुम्ही राहता कुठे?' हे विचारावं लागतं. यात लॅबचाही जीव गुंतलेला आहे. ही बुरशी प्लेटवर वाढली की तिचे बीजाणू हवेत उडतात आणि प्लेट उघडणारा तंत्रज्ञ आजारी पडू शकतो. म्हणून शंका असेल तर लॅबला आधी सांगणं बंधनकारकच समजतात.

'निरोगी' म्हणजे खरंच निरोगी?

गेल्या दहा-पंधरा वर्षांत या विषयात एक मोठा बदल झाला आहे. 'काहीच कारण नसताना' बुरशी झालेल्या लोकांची खोलात तपासणी केली, तेव्हा त्यातल्या काहींमध्ये कारण निघालं.

क्रिप्टोकॉकस गट्टीचा मेनिंजायटिस झालेल्या काही धडधाकट लोकांच्या रक्तात, शरीरानेच स्वतःच्या जीएम-सीएसएफ नावाच्या संदेशवाहक प्रथिनाविरुद्ध बनवलेल्या अँटिबॉडी सापडल्या. हे प्रथिन मॅक्रोफेजला बुरशी मारायला तयार करतं. तेच अडवलं गेलं, तर बाकी सगळं व्यवस्थित असूनही बुरशीसाठी एक फट राहते. काहींमध्ये कार्ड-९ नावाच्या जनुकात जन्मजात दोष असतो. अशांना नायट्याची साधी बुरशी कातडीखाली खोल जाऊ शकते किंवा कॅन्डिडा मेंदूपर्यंत पोचते, बाकी आयुष्यभर इतर जंतूंचा फारसा त्रास नाही. सीबीसी नॉर्मल, एचआयव्ही निगेटिव्ह, शुगर नॉर्मल, एवढ्यावर 'प्रतिकारशक्ती उत्तम' असा शेरा मारला जातो. तो शेरा म्हणजे इतकंच, की जे तपासलं त्यात काही सापडलं नाही.

पेशंटच्या हातात काय आहे?

निदान डॉक्टरच करणार. पण त्यांना लागणारी अर्धी माहिती पेशंटकडे किंवा घरच्यांकडे असते. गेल्या काही महिन्यांत मणक्यात, सांध्यात घेतलेलं इंजेक्शन. शेतात किंवा अपघातात माती गेलेली जखम. गुहा, वटवाघळं असलेला पडका वाडा, कोंबड्यांची खुराडी साफ करणं. परदेशातला मुक्काम. मेडिकलवाल्याकडून किंवा वैद्याकडून घेतलेली स्टेरॉइडची पुडी. यातलं काही विचारलं गेलं नाही तरी स्वतःहून सांगावं.

काही वेळा प्रश्न विचारणंही बरं. टीबीचा जंतू सीबीनॅट किंवा कल्चरमध्ये कुठेच सापडलेला नाही, उपचार केवळ अंदाजाने चालू आहेत आणि दोन महिन्यांत फरक नाही, तर 'बुरशीची तपासणी झाली आहे का?' असं विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही. जखम अँटिबायोटिक घेऊनही रोज काळी पडत असेल, तर मात्र दोन महिने कसले, दोन दिवसही थांबायचं नाही. त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठायचं. आणि तुकडा काढायचा ठरला असेल, तर ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एवढंच विचारायचं, 'एक भाग फॉर्मेलिनशिवाय कल्चरला जाणार आहे ना?'

एक गोष्ट बहुतेकांकडून राहून जाते. बॅक्टेरियाचं कल्चर दोन-तीन दिवसांत कळतं, बुरशीचं चार आठवडे ठेवतात, हिस्टोप्लाझ्माला तर सहा आठवडेही लागू शकतात. डिस्चार्जच्या फाइलमध्ये लावलेला 'वाढ नाही' असा रिपोर्ट पुष्कळदा पहिल्या आठवड्याचा, तात्पुरता असतो. घरी गेल्यावर महिन्या-दीड महिन्याने लॅबला फोन करून अंतिम रिपोर्ट मागून घ्यायचा आणि तो डॉक्टरांना नेऊन दाखवायचा.